काल नव्हती ती देवी

झाड नईमकडे बघत होते. नईमने डोळे चोळले, तरी ते बघतच राहिले.

काल संध्याकाळी याच जांभळीच्या बुंध्यावर त्याने तळहाताएवढा तांबडा गोल काढला होता. पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या या खासगी राईतली मोठी झाडे मानसिंग ठेकेदाराने तोडीला घेतली होती. नईम पुढे जाऊन तोडायच्या झाडांवर रंग लावायचा, मागून करवतवाले यायचे, आणि दिवस मावळायच्या आत झाड ट्रकमध्ये पडून सांगलीच्या वखारीची वाट धरायचे.

आता त्या गोलावर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले होते. भोवती हळदीची बोटे, खाली उदबत्ती. दरीतले धुके अजून हलले नव्हते. उदबत्तीचा धूर कुठे संपतो आणि धुके कुठे सुरू होते, काही कळत नव्हते. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असे नईमला वाटले.

झाडासमोर रंगुबाई बसली होती. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"परगटली रं लेकरा," ती म्हणाली. "काल न्हवती, आज परगटली. कसं तांबडं त्वांड हाय बघ."

म्हातारी ऑइलपेंटाला शेंदूर समजून बसली होती. हसावे की रडावे, नईमला कळेना. सांगून टाकावे असे वाटले. तेवढ्यात वरची पाने सळसळली.

शेकरू होते. नईम कडेगावचा, उसाच्या सपाट मुलखातला. त्याला झाड म्हणजे बांधावरची बाभळ एवढेच ठाऊक. तांबूस पाठीचे, अंगापेक्षा शेपटीचाच तोरा जास्त असलेले हे जनावर त्याने इथेच पहिल्यांदा पाहिले आणि येडाच झाला. ते या फांदीवरून त्या फांदीवर जायचे, ते उडी मारल्यासारखे नव्हे, कुणीतरी अलगद उचलून ठेवल्यासारखे. जांभळीच्या शेंड्याला त्याचे काटक्यांचे घरटे होते आणि घरट्यात पिल्लू. काल रंग लावताना नईमचा हात जड झाला होता. पण पोटापुढे कुणाचे काय चालते? लावला.

करवतवाले आले आणि चपला काढून लांबच उभे राहिले. मागोमाग मानसिंग जीपमधून उतरला. गडी एरवी वाघ, पण देवीचे नाव निघाले की शेळी. तरी त्याची नजर त्या तांबड्या गोलावर जरा जास्तच वेळ थांबली.

"नईम, खरं सांग. ह्या झाडाला तू रंग दिलावतास का?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. व्हय म्हणावे, तर झाड जाणार, घरटे जाणार, आणि म्हातारीची देवी चारचौघांत रंगाच्या डब्यातली निघणार. न्हाई म्हणावे आणि उद्या बिंग फुटले, तर मानसिंग त्याला पुऱ्या जिल्ह्यात कुठे उभे राहू देणार नाही.

"न्हाई मालक. ह्ये झाड ऱ्हायलंच हुतं."

मानसिंगने हात जोडले. "मग ऱ्हाऊ दे. देवीच्या वाटंला कोण जातंय, गड्या."

माणसे पलीकडच्या उतारावर निघून गेली. नईम म्हातारीशेजारी येऊन बसला. झाड वाचले याचा त्याला फार आनंद झाला होता. पण म्हातारी रंगाला हात जोडतेय आणि आपण गप्प बसलोय, हे काही त्याला सोसवेना.

"आवं आजी, येक सांगायचं हाय. ती देवी..."

"गप." रंगुबाई वर बघत होती. शेकरू ज्या फांदीवर बसले होते, नेमकी त्याच फांदीकडे.

"काल तू गोल काढत हुतास, तवा मी मागंच करवंदीच्या जाळीत जळाण गोळा करत हुते," ती हलकेच म्हणाली. "शेकरू भुईवर उतरत न्हाई, लेकरा. पलीकडच्या रानात जायाचं म्हंजी त्याला वढ्यापतोर झाडाला झाड लागतंय. तेवढ्या देव्या आज परगट कर. पुढचं डोळ्या-हळदीचं मी बघते."