बटण अडकतं

खडू हातात धरून अंबादास फळ्यासमोर उभा राहिला आणि त्याला दरदरून घाम फुटला. ऊन होतंच म्हणा. सत्त्याऐंशीचा उन्हाळा, विहिरीत बादली सोडली तर दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. पण हा घाम उन्हाचा नव्हता.

फळा पंचाक्षरीच्या हॉटेलाबाहेरचा. परवापर्यंत त्यावर भजी-शेवेचे भाव असायचे. दुष्काळानं गिऱ्हाईक आटलं, तसं या पठ्ठ्यानं बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि सोलापुराहून व्हिडिओ गेमची पेटी आणली. उमरग्यात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. आठ आण्याचं नाणं टाकायचं, पडद्यावर विमानं येतात, दांडा हलवायचा आणि बटण दाबून ती पाडायची. उद्या बाजार, उद्याच पेटी चालू. साखर आणायला मुरुमला जाताना पंचाक्षरी अंबादासला म्हणाला होता, "तू खेळून बघ अन् कसा हाय त्ये फळ्यावर लिव. लोकं माझं न्हाय ऐकायचे, तुझं ऐकतेत."

ऐकायचेच. अंबादास दूध सोसायटीचा सचिव. सांज-सकाळ दुधाची फॅट काढायचा आणि कुणाची किती ते सोसायटीच्या फळ्यावर मांडायचा. पाटलाचं दूध असो नाहीतर बौद्धवाड्यातल्या त्याच्या सख्ख्या चुलत्याचं, पाणी निघालं की निघालं. त्याचा एक नेम होता. आकडा कुणाच्या कानात सांगायचा नाही. कानाला लागलं की संशय आलाच. जे काय असेल ते थेट फळ्यावर, सगळ्यांना एकदमच.

आता या खेळाचं काय मांडायचं? चित्रं झकास. आवाज असा, की छातीत धडधडावं. पण तिसऱ्या फेरीला बटण आत रुतून बसायचं ते वर यायचंच नाही, आणि तेवढ्यात समोरचं विमान येऊन आपल्याला खलास करायचं. आधी त्याला वाटलं, आपलाच हात अडाणी. उगाच खेळाला नावं ठेवू नयेत. म्हणून चहाला थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला पेटीसमोर उभा केला. त्याचंही तेच झालं. तो पेटीला शिव्या घालत हैदराबादच्या वाटेला लागला.

"झालं का लिवून, भावजी?" आतून पंचाक्षरीच्या बायकोनं, केशरबाईनं विचारलं. कढईवरचा तिचा हात मोकळा दिसत होता. काचेच्या दोन बांगड्या तेवढ्या. "चांगलं लिवा बरं का. लई आशा हाय आमाला."

अंबादासनं तिच्या हातावरची नजर फळ्याकडं वळवली. हायवेवरच्या बाकीच्या हॉटेलांत त्याच्या माणसांच्या कपबश्या वेगळ्या ठेवत, तेव्हापासून पंचाक्षरी त्याला शेजारी बसवून चहा पाजत आला होता. असल्या दोस्ताच्या पोटावर पाय द्यायचा? आणि नाही द्यावा, तर उद्या रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं येणार, फोड आलेल्या हातांनी नाणं टाकणार, ते बटणानं गिळायचं आणि त्यांनी म्हणायचं काय, तर अंबादासनं लिवलं होतं! इकडं आड, तिकडं विहीर. मुरुमची एसटी यायची वेळ झाली होती. पंचाक्षरी समोर आला तर आपला हात उठणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं देवाचं नाही, बाबासाहेबांचं नाव घेतलं आणि लिहून टाकलं.

'चित्रं छान. आवाज खणखणीत. खेळ लवकर समजतो. पण तिसऱ्या फेरीला बटण अडकतं, आपली चूक नसताना डाव जातो. बटण नीट होईपर्यंत पैसे टाकू नयेत. – अंबादास.'

एसटी आली. उतरलेली माणसं फळ्यापुढं थबकली. "अंबादासनं लिवलंय म्हंजे खरंच आसंल," म्हणत पुढं गेली. आता ही बातमी संध्याकाळपर्यंत पार लांबच्या सास्तूरला पोचणार. सगळ्यांच्या मागून साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन पंचाक्षरी आला. पोतं न उतरवताच त्यानं फळा वाचला, वरपासून खालपर्यंत, सावकाश. आता हा भडकणार, म्हणून अंबादास दोन पावलं मागं सरकला; हातातला खडू सुटून खाली पडला.

पंचाक्षरी पोतं घेऊन तसाच वळला. आत गेला, पेटीचं रुतलेलं बटण दाबून पाहिलं, बाहेर आला.

"बरोबर लिवलंस. एक अक्षर खोटं न्हाय."

"पंचाक्षरी, म्या..."

"पेटीवाल्यानं जादा बटणं दिलीत. डबी आत फळीवर हाय. चहा उकळंस्तवर बसलं आसतं नवं बटण. मला आधी सांगायचं व्हतंस की रं."

"माझा नेम तुला ठाव हाय. कानात न्हाय सांगायचं."

"त्यो नेम दुधाचा. दुधात पडलेलं पाणी काढता येत न्हाय, बटण काढता येतंय." पंचाक्षरीनं पोतं खाली टाकलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "का तुला वाटलं, म्या म्हणीन, मरू दे बटण, तू आपला खेळ झकास हाय म्हणून लिव?"

न्हाय म्हणायला अंबादासनं तोंड उघडलं. पण तेच तर वाटलं होतं त्याला, सकाळपासून, दुसरं काही डोक्यात आलंच नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

पंचाक्षरी वाकला. खाली पडलेला खडू उचलून त्यानं अंबादासच्या हातात दिला.

"मग माझ्याबद्दल काय वाटलं त्ये बी लिव," तो म्हणाला. "खाली जागा हाय."