बंद लाईनीवरचे साहेब

मार्च १९५४, सकाळचे साडेदहा. हिंगणीहून वर्ध्याकडे शेवटची गाडी सुटली. ही तोट्यातली शाखा दुपारी बारापासून कायमची बंद, असा हुकूम काढणारे देवधरसाहेब स्वतः डब्यात होते. समोर नत्थू माळी वांग्यांची टोपली धरून, उद्यापासून बाजार कसा गाठायचा या काळजीत बसला होता.

वाटेत रानातच इंजिन बंद पडलं. गार्ड पायी पुढच्या स्टेशनावर गेला आणि चारच्या सुमारास परतला.

"साहेब, दुसरं इंजिन तयार आहे. पण बंद लाईनीवर सोडता येत नाही म्हणतात."

"मी इथं अडकलोय, हे सांगितलं का?"

"सांगितलं. हुकमावर सही तुमचीच आहे, म्हणाले."

भुकेल्या साहेबांनी कागद काढला आणि 'लाईन आज एक दिवस सुरू ठेवावी' असं लिहायला घेतलं. डब्यात शिदोरी एकट्या नत्थूकडे होती. ती सोडत तो म्हणाला, "एकच दिवस काऊन, साहेब? वांगे तं उद्याबी निघतीन."


हाती आलेल्या शेवटच्या वृत्तानुसार भाकर नत्थूच्या हातात आहे आणि साहेबांचं पेन 'एक' या शब्दावर थांबलं आहे.