महाराजांच्या नावाखाली

खामगावच्या आमच्या कम्प्युटर क्लासमध्ये टर्मिनलची काळी खिडकी उघडली की मिनिटभर कोरीच राहायची. मग वर शेगावच्या महाराजांचं नाव आणि खाली अक्षरांनी रेखाटलेला सरांचा फोटो, दोन्ही एकदम उमटायचे. त्यानंतरच कमांड लिहिता यायची. "मशिनी जुन्या हायेत," सर म्हणायचे. "नाव घ्या, धीर धरा." ही सगळी सजावट सुरुवातीच्या एका फाइलमध्ये होती, पण तिच्यात महाराजांचं नाव, म्हणून तिला कोणी हात लावत नसे. वाट पाहताना काही जण तर खरंच हात जोडून बसत. आज सराव परीक्षेत दर प्रश्नाला नवी खिडकी आणि दर खिडकीला तेच रखडणं. माझा शेवटचा प्रश्न राहिला आणि डोकं फिरलं. मी ती फाइल उघडली, एकेक ओळ बंद करून पाहिली आणि एक ओळ कायमची पुसून टाकली. खिडकी टिचकीसरशी उघडली. शेजारची डिंपल कुजबुजली, "मले बी करून दे." बघता बघता अख्ख्या रांगेनं ती ओळ पुसली. तेवढ्यात सर आले आणि खिडक्या पटापट उघडताना पाहून दारातूनच ओरडले, "फाइलले कोणं हात लावला?" "मी." "महाराजांचं नाव काढलं तू? उद्यापासून क्लासले येऊ नको!" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी मात्र उठले, सरांच्या देखत नवी खिडकी उघडली. महाराजांचं नाव तिथंच होतं, एकटंच, ठसठशीत. "महाराज तर लगेच येतात, सर," मी म्हटलं. "येवढा वेळ तुमच्या फोटोले लागत होता."