बाहेरचा नळ

"गिरिजा, फिरव आता! पण हळू हं, एकदम नको," उपेंद्र बाहेरून ओरडला.

गिरिजाने सिंकखालच्या कपाटापुढे उकिडवं बसून साबणाच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि आत हात घालून कॉक फिरवला. थंडीत पाइप फुटू नये म्हणून नोव्हेंबरात उपेंद्रने बाहेरच्या नळाचं पाणी इथूनच बंद केलं होतं. तेव्हा तिला पाचवा महिना होता. तू वाकू नकोस, म्हणून त्याने तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. आता एप्रिल उजाडला होता. एव्हाना बाळ मांडीवर असायला हवं होतं. त्याऐवजी तिला असं सहज उकिडवं बसता येत होतं, आणि त्याचंच तिला रडू आलं.

भिंतीपलीकडे नळ खोकला, गढूळ पाणी थुंकला, क्षणभर गप्प बसला आणि मग धो धो वाहू लागला.

"ग्रँड!" उपेंद्र खूश झाला. आयर्लंडमधल्या या लिमरिकच्या मंडळींचा हा शब्द त्याच्या जिभेवर असा बसला होता की आईशी बोलतानाही सुटायचा. "आई, ये बाहेर. पाणी सुरू झालं बघ. यंदा गुढी उभारायची नाही, मान्य. पण पाडव्याच्या दिवशी दार कोरडं कशाला? सडा घाल."

आत गिरिजाचा हात कॉकवरच राहिला.

उपेंद्रचं मन चांगलं, त्याबद्दल वादच नाही. सुनेच्या बाळंतपणासाठी मिरजेहून आलेली आई व्हिसा संपत आला म्हणून शनिवारी रिकाम्या हातांनी परत निघाली होती. जाण्याआधी तिने जरा उन्हात यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आपण कशाला हात घालतोय, याची त्या बापड्याला काय कल्पना!

जानेवारीतल्या त्या सकाळी खरं काय झालं ते फक्त गिरिजाला ठाऊक होतं. तिच्या सासूबाईंनी, सुरेखाबाईंनी, मिरजेच्या सवयीने भल्या पहाटे घरातलं पाणी नेऊन दारात सडा शिंपडला, पायरीवर रांगोळीचे चार ठिपके ठेवले आणि आत जाऊन त्या पूजेला बसल्या. बाहेर पारा शून्याखाली. थोड्या वेळाने गिरिजा कामावर जायला निघाली आणि पहिल्याच पायरीवर आडवी झाली. पुढची फरशी, रस्ता, सगळं कोरडं ठणठणीत होतं. बर्फ होता तो तेवढ्या पायरीवर, आणि त्यात रांगोळीचे ठिपके जसेच्या तसे.

हॉस्पिटलमध्ये तिने सांगितलं, थंडी होती, पाय घसरला. उपेंद्रलाही तेच सांगितलं. राग आला नव्हता असं नाही. कितीतरी दिवस सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा तिला सोसत नव्हता. पण ती बाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होती. बाळ तर गेलंच. त्याचा दोष म्हातारीच्या पदरात घालून तिला विमानात कसं बसवायचं? शनिवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं गिरिजाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सुरेखाबाई दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याच्या आतच थांबल्या. उपेंद्रने भरलेली बादली पुढ्यात आणून ठेवली.

"घाल ना. जानेवारीपासून दारात पाण्याचा थेंब घातला नाहीस."

"नको रे. राहू दे."

"अगं, पण का?"

या 'का'मागून आणखी किती 'का' येतील, ते गिरिजाला लख्ख दिसलं. ती लगबगीने पुढे झाली.

"आई, तुम्ही राहू द्या. मी घालते."

तिने जन्मात कधी सडा घातला नव्हता. ओंजळीत पाणी घेतलं आणि जिथे पडली होती त्याच पायरीवर शिंपडलं. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा शिंपडलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "आता काही भीती नाही आई, ऊन चांगलं आहे."

बोलली आणि तिने जीभ चावली.

सुरेखाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या आत निघून गेल्या.

"हिला काय झालं आता?" उपेंद्र म्हणाला. उत्तराची वाट न पाहता तो मागच्या वाफ्यांसाठी पाइप जोडायला गेला. झाडांच्या मुळाशी पाणी पोचायला हवं, याची त्याला घाई होती.

सुरेखाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मिठाची अख्खी पिशवी होती. गुडघे धरत त्या खाली बसल्या आणि मूठमूठ मीठ ओल्या पायरीवर पसरू लागल्या. कडेला, कोपऱ्यात, मध्ये. कुठे ओल दिसली की तिथे आणखी.

"आई, अहो, ऊन आहे," गिरिजा कशीबशी म्हणाली. "आज बर्फ नाही व्हायचा."

"हो गं."

हात थांबला नाही. मान वर झाली नाही.

"इथे बर्फ होऊ नये म्हणून पाण्यावर मीठ टाकायचं असतं म्हणे," सुरेखाबाई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नव्हतं, गिरिजा."

गिरिजा त्यांच्याशेजारी त्या ओल्या पायरीवर टेकली आणि तिनेही पिशवीत हात घातला.