काजळीची काच

अकोल्याच्या कॉलेजानं ग्रहण पाहायला सगळ्यांना फुकट बोलावलं होतं. मास्तरीण ललिता म्हाताऱ्या बापाला घेऊन रांगेत उभी होती. ऊन फिकटलं आणि बापाच्या तोंडून आपसूक हाक निघाली, "दे दान, सुटे गिरान!" बौद्ध होण्याआधी ग्रहण सुटावं म्हणून तो असाच ओरडत दारोदार मागायचा. गाव सुटलं, मागणं सुटलं, पण जिभेला कोण सांगणार? मागच्या बाईनंही सवयीनं पदराची गाठ सोडून ग्रहणाच्या दानासाठी बांधून आणलेली मूठभर ज्वारी पुढं केली. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा पसरलासुद्धा. ललिताची कानशिलं शरमेनं तापली. तिनं त्याच दुपट्ट्यात रांगेत हातोहात फिरणारी काजळी धरलेली काच ठेवली. "बाबा, मांगू नोका. वर पाहा." रांग खोळंबली तरी म्हाताऱ्यानं काच सोडली नाही. सूर्य पुन्हा भरला, तेव्हा तो ज्वारीवाल्या बाईकडं वळला. "बाई, हे तं आपोआपच सुटते! मंग आमाले जलमभर कावून ओरडाले लावलं?"