काळ्या धाग्याची गोष्ट

अनघानं पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, तशी वर्षा हात धुवायला पळाली. हात ओढणीला नीट पुसून मगच तिनं ते घेतलं. मुखपृष्ठावर तिच्या आईचं भरतकाम होतं. वर्षा पाहतच राहिली.

बंजाऱ्यांचा तांडा फुलसावंगीपासून आत, कच्च्या रस्त्यावर. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत तिथं बाहेरची गाडी आली की लोक आधी विचारायचे, कोणाच्या घरचा माणूस गेला? गाड्या तेवढ्यासाठीच यायच्या, फोटो काढून परत जायच्या. अनघा मात्र यवतमाळहून भरतकाम बघायला आली होती. रविवारच्या पेपरात ती चित्रकलेबद्दल लिहायची, कोणालाही समजेल असं. अजिंठ्याच्या भिंतींना चित्रांआधी माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा दिला होता, हे वर्षानं आईला वाचून दाखवलं, तेव्हा जमनी म्हणाली होती, "मंग ते बी आपल्यासारखंच लिंपत होते." वर्षानं तेच वाक्य पत्रात लिहून पाठवलं, सोबत आईच्या भरतकामाबद्दलही लिहिलं, आणि पुढच्याच महिन्यात अनघा दारात हजर. तीन दिवस राहिली. जमनीनं तिला टाके शिकवले, भाकरी वाढली. तिच्या नवऱ्यानं, फुलचंदनं, मोटारसायकलवर बसवून एसटीपर्यंत सोडलं. आता ती छापलेलं पुस्तक घेऊन परत आली होती.

"माह्यावर काय लिवलं ते पैले वाच," जमनी म्हणाली.

वर्षानं पान शोधलं. घसा साफ करून शाळेत वाचावं तसं मोठ्यानं वाचू लागली.

"'जमनीच्या ओढणीवर लाल चौकोन एकामागून एक चालत येतात, आणि मधेच काळे होतात. डोळा तिथं अडखळतो. त्या वर्षी कापसानं दगा दिला, आणि जमनीचा नवरा फुलचंद यानं...'"

ती थांबली.

"काहून थांबली?"

"'...शेतात जीव दिला,'" वर्षानं पुढचं वाचलं. आता तिचा आवाज खाली आला होता. "'कित्येक दिवसांनी जमनीनं पुन्हा सुई हातात घेतली, तेव्हा तिनं काळा धागा निवडला.'"

फुलचंद चहाचे कप घेऊन दारातच उभा होता.

"मी मेलो?" तो म्हणाला आणि हसला. कोणीच हसलं नाही, तसं त्याचंही हसू थांबलं. त्यानं कप अनघासमोर ठेवला. "घ्या. थंडा होऊन राह्यला."

जमनी अनघाकडे बघत होती. "लाल दोरा सरला होता बाई. बाजारात भेटला नाही म्हून काळा घातला. म्या सांगतलं होतं ना तुले?"

"सांगितलं होतं," अनघा म्हणाली.

"मंग?"

अनघानं कपाला हात लावला नाही. "मी आधी तसंच लिहिलं होतं. संपादक म्हणाले, याला शेवट नाही. दोरा संपला, एवढ्यावर कोण थांबणार? लोक चित्र बघायला थांबत नाहीत हो, गोष्ट असली की थांबतात. आणि आजूबाजूला हे घडतंच आहे... नाव बदलणार होते मी. घाईत राहून गेलं."

"आर्णीकडं माही बहीण हाय," फुलचंद म्हणाला. "तिचा पोरगा लय वाचते."

"पुढच्या आवृत्तीत काढून टाकू, भाऊ."

"तंवर?"

फुलचंद बाहेर गेला आणि अंगणातल्या बाजेवर पाठमोरा बसला.

वर्षा पानं मागं उलटत होती. सगळे तिच्या ओळखीचे लेख होते. गेल्या चार वर्षांत तिनं ते कापून वहीत चिकटवले होते. काही तर पाठ होते. पुसदच्या कॉलेजात ती मैत्रिणींना त्यातलंच सांगायची.

"ताई," तिनं वर न बघता विचारलं, "अजिंठ्याच्या भिंतीत तूस होतं, ते?"

"ते खरं आहे."

"अन् ते निळ्या दगडाचं? दूर देशाहून आणून घोटत होते ते?"

"वर्षा, ते सगळं खरं आहे. शप्पथ."

वर्षानं आणखी दोन पानं उलटली आणि पुस्तक मिटून आईच्या मांडीवर ठेवलं.

जमनीला वाचता येत नव्हतं. तिनं सावकाश एकेक पान उघडत आपला फोटो शोधला. अनघानं निघायच्या दिवशी सकाळी काढलेला. त्यात तिचा चेहरा होता, डोक्यावरची ओढणी होती, आणि खांद्यापाशी फोटो संपत होता.

टाका कुठं तुटला ते चाचपावं तसं तिनं फोटोच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तूच म्हणे, हात पुढं घ्या, कलाकार तर हातच हायेत," ती म्हणाली. "म्या दोन्ही हात पुढं केले होते. चुडा मुद्दाम घासून पुसून आलती."

तो चुडा आताही तिच्या दोन्ही दंडांवर होता, पांढरा, कोपरापासून वरपर्यंत. तांड्यात नवरा गेला की बाईचा चुडा उतरवतात. हे त्या तीन दिवसांत जमनीनंच अनघाला सांगितलं होतं, आणि अनघानं वहीत लिहून घेतलं होतं.

जमनीनं पुस्तक अनघाकडे वळवलं.

"माहे हात कुठं गेले?"