कोरडा खड्डा

बायको शरयू वारल्यापासून नरहररावांचा रोजचा एकच नेम होता. गेल्या उन्हाळ्यात तिनं अंगणात काम करता करता गाऊन मुलीला पाठवलेलं गाणं लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकायचं. पण यंदा चैत्र लागला आणि हेडफोनमध्ये सारखी घरघर सुरू झाली. तिचा आवाज त्यात बुडून जाई. दोन हेडफोन बदलून झाले, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवाल्या धीरजला पिपरी मेघे गावातल्या आपल्या घरी बोलावलं.

धीरजनं लॅपटॉपचा चार्जर काढला तशी घरघर थांबली. पण बॅटरी मेलेली; दोन मिनिटांत लॅपटॉपच बंद पडला. तो उठून अंगणात गेला आणि भिंतीलगतची तडकलेली माती पायानं दाबून म्हणाला, "काका, बिघाड हेडफोनात नाई, इथं आहे. घरच्या विजेच्या अर्थिंगचा खड्डा पार सुकला, म्हणून चार्जर लावला का घरघर येते. उन्हाळ्यात रोज पाणी टाका लागते इथं. आतापर्यंत कोण टाकत होतं?"

"कोणीच नाई," नरहरराव म्हणाले. "इथं तं काही लावलंच नाई कधी."

धीरजनं दोन बादल्या ओतल्या. मातीनं त्या घटाघटा पिऊन टाकल्या.

चार्जर लावून नरहररावांनी हेडफोन चढवले. घरघर गेली होती. शरयू अगदी कानाशी गात होती. आजवर त्यांनी फक्त तिचा आवाज ऐकला होता; आज मध्येच बादलीची कडी वाजलेली कानावर आली, मातीत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मागून, घराच्या आतून, त्यांचाच करडा आवाज:

"शरयू, त्या उघड्या मातीत काऊन पाणी वाया घालून राह्यली?"